छोटा टिलवा

आर्क्टिक प्रदेशात जन्मणारा व हिवाळा उष्ण देशांत घालविणारा पक्षी. स्कोलोपॅसिडी कुलातील या पक्ष्याचे शास्त्रीय नाव कॅलिड्रिस मिन्यूटा असे आहे. उत्तर स्कँडिनेव्हियापासून सायबीरियापर्यंतच्या टंड्रात याची वीण होते. हिवाळ्यात तो भारतात सर्वत्र पाणथळ जागी येतो. महाराष्ट्रात ठाण्याची खाडी व नांदूर मधमेश्वर येथे, तसेच विदर्भातील तलावांच्या काठी त्याचे थवे दिसतात.

हा चिमणीपेक्षा किंचित लहान असून लांबी १२–१४ सेंमी. व वजन २०–४० ग्रॅ. असते. हिवाळ्यात पाठ करडी व पोट पांढरे असते. विणीच्या काळात पाठीवर तांबूस छटा येते. चोच व पाय काळे असतात.

आर्क्टिकमधील थंडीला प्राणी दोन प्रकारे तोंड देतात. ध्रुवीय अस्वलाच्या कातडीखाली सुमारे १० सेंमी.पर्यंत चरबीचा थर असतो; तो सीलच्या शिकारीतून साठतो. आर्क्टिक कोल्ह्याच्या तळपायांवरही दाट केस असतात व तो लेमिंग, पक्ष्यांची अंडी आणि अस्वलाने टाकलेले अवशेष खाऊन वर्षभर तेथेच राहतो. लहान शरीराचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा असल्याने त्यातून उष्णता लवकर जाते. शिवाय टिलव्याचे भक्ष्य गोठलेल्या जमिनीत बंद होते. म्हणून स्थलांतर हेच त्याचे मुख्य अनुकूलन होय. प्रवासापूर्वी तो शरीरात चरबी साठवितो. तीच उड्डाणाचे इंधन ठरते.

टंड्रात डास व इतर माश्यांच्या अळ्या, लहान भुंगेरे हे त्याचे अन्न असते. हिवाळ्यात तो चिखलातील कीटक, कृमी, लहान कवचधारी व मृदुकाय प्राणी टिपतो. मादी जमिनीवरील उथळ खळग्यात सहसा ४ अंडी घालते. कधीकधी ती दोन घरटी करते. एकातील अंडी नर व दुसऱ्यातील मादी उबविते. पिले जन्मल्यावर लवकरच स्वतः अन्न टिपतात. पण ऊब मिळण्यासाठी त्यांना पुनःपुन्हा पालकाच्या पंखाखाली यावे लागते.

पिलांचा जन्म व कीटकांचा बहर एकाच वेळी येणे आवश्यक असते. तापमानवाढीने बर्फ लवकर वितळल्यास हा मेळ बिघडण्याचा संभव असतो. दुसरे संकट दक्षिणेकडील आहे. तलावाच्या काठी सलग भिंत बांधली किंवा जलपर्णी पसरली, तर पाणी राहते पण उथळ चिखल नाहीसा होतो. नागपूरच्या सदर भागापासून जवळच असलेल्या गोरेवाड्यासारख्या तलावांचे काठ त्यामुळे केवळ स्थानिक महत्त्वाचे नाहीत. आर्क्टिकच्या या रहिवाशाचे निम्मे जीवन अशाच काठांवर अवलंबून असते.