लेन्स डोळ्यात, चष्मा हातात

माझं घर मुरबाड तालुक्यात आणि हॉस्टेल शहापूरला. म्हणजे आपला प्रवास एस.टी.चा, नाहीतर आसनगावहून लोकलचा. तिथे कुणी बॅगेतल्या बाटल्या मोजत नाही. गेल्या वर्षी एका प्रोजेक्ट स्पर्धेमुळे परदेशी जाण्याचा योग आला आणि हे ज्ञान झालं.

माझा नंबर उणे सहा, म्हणून लेन्स लावतो. परत येताना चष्मा सुटकेसमध्ये टाकला, ती चेक-इनला दिली, आणि तिकडेच घेतलेली सोल्युशनची १२० मि.ली.ची बाटली हातातल्या बॅगेत ठेवली. तपासणीत ती गेली. "अर्धीच भरलेली आहे" असं सांगून पाहिलं, पण नियमात आत किती आहे ते नव्हे, बाटलीवर किती लिहिलंय ते बघतात!

हा नियम आला कुठून? १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीस आला. त्या दिवशी तिथल्या प्रवाशांना लेन्सची डबी नेता येत होती, सोल्युशनची बाटली नाही. नोव्हेंबर २००६ पासून युरोपात १०० मि.ली.ची मर्यादा आली, मग ती जगभर पसरली. आता नवीन स्कॅनरमुळे काही विमानतळांवर ती सैल झाली आहे. पण परतीचा विमानतळ वेगळा असू शकतो, म्हणून १०० धरूनच चला.

तर माझं पुढे काय झालं? रात्रभराचा प्रवास, सोल्युशन नाही, चष्मा विमानाच्या पोटात. लेन्स काढल्या तर गेटचा नंबरही दिसेना. तसाच झोपलो. सकाळी डोळे लालभडक! कल्याणच्या डॉक्टरांनी चांगलं झापलं आणि आठ दिवस लेन्स बंद केल्या.

कारण सोपं आहे. विमानातल्या हवेत आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहून कमी असते, त्यामुळे लेन्स सुकते. कॉर्नियाला ऑक्सिजन थेट हवेतून लागतो आणि तिथली हवा ६ ते ८ हजार फुटांवरच्यासारखी विरळ, म्हणजे कळसूबाईच्याही वरची! त्यात झोपेत पापणी मिटली की डोळा गुदमरलाच.

म्हणून एवढं करा:

१) चष्मा, लेन्सची डबी आणि डोळ्यात घालायचे थेंब हातातल्या बॅगेतच ठेवा.

२) सोल्युशनची छोटी, सीलबंद बाटली विकत घ्या. मोठीतून दुसऱ्या बाटलीत ओतू नका, निर्जंतुकपणा जातो. मोठी बाटली सुटकेसमध्ये टाका.

३) सगळे द्रव १ लिटरच्या पारदर्शक पिशवीत घालून तपासणीला वेगळे काढा.

४) रोज टाकून द्यायच्या लेन्स असतील तर सोल्युशनची कटकटच नाही.

५) लेन्स पाण्यात कधीच ठेवू नका. आपल्या भातसा-तानसाचं पाणी मुंबई पिते हे खरं, पण नळाच्या पाण्यात अकॅन्थअमीबा असू शकतो आणि तो कॉर्निया पोखरतो.

६) लांबचा प्रवास असेल तर सरळ चष्माच लावा. फोटो उतरल्यावर काढता येतात!