दोस्तांच्या रेषांची वही

दिवाळी अंक हातात पडला की मराठी वाचक आधी व्यंगचित्रं पाहतो, मग लेखांकडे वळतो. पण ज्या कागदावर ते चित्र पहिल्यांदा उमटलं, तो कागद फार थोड्यांनी पाहिलेला असतो. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठावरचं मांजर-उंदरांचं चित्र घराघरांत पोचलं. पुढे ‘हसरी गॅलरी’ या प्रदर्शनात त्यांनी मूळ चित्रंच लोकांसमोर मांडली, म्हणून छपाईत हरवणारी रेष लोकांना बघता आली. इतर कितीतरी चित्रांच्या नशिबी हे नव्हतं. जस्ताच्या ब्लॉकच्या काळात चित्र छापायच्या आकारापेक्षा मोठं काढत, त्याचा फोटो घेऊन ब्लॉक बनत असे. एकदा अंक निघाला की मूळ कागदाची कुणाला आठवण राहत नसे, आणि अनेकदा तो रद्दीतच जाई.

म्हणूनच चित्रकारानं आपल्या सोबतच्या चित्रकारांकडून एकेक चित्र काढून घेण्याची वही मला फार मोलाची वाटते. ही रीत जुनी आहे. सोळाव्या शतकात जर्मनीतले विद्यार्थी मित्रांच्या ओळींची आणि चित्रांची वही जवळ बाळगत. जपानमध्ये यासाठी ‘शिकिशी’ नावाचा जाड पुठ्ठाच मिळतो, साधारण 24 बाय 27 सेंटिमीटरचा. फ्रान्समधल्या अंगुलेमला 1974 साली चित्रकथांचा महोत्सव सुरू झाला. तिथे पुस्तकाच्या पहिल्या पानावर चित्र काढून घ्यायला वाचक तासन् तास रांगेत उभे राहत आले आहेत.

वाचकाला आवडत्या चित्रकाराची आठवण हवी असते. चित्रकाराला त्याहून जास्त काही मिळतं. समोरचा नाकापासून सुरुवात करतो की डोळ्यांपासून, पेन्सिलीचा आधार घेतो की थेट शाईनं भिडतो, रेष कुठे जाड करतो आणि कुठे सोडून देतो, हे दोन हातांवरून बघायला मिळतं. पुणे जिल्ह्यातल्या मुलांना तर रेषांचा हा वारसा जवळचाच आहे. चारुहास पंडितांनी रेखाटलेला ‘चिंटू’ 1991 साली पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये आला. ‘अमर चित्र कथा’ची पानं चितारणारे प्रताप मुळीक आणि दिलीप कदम पुण्याचेच.

माझं मत असं, की वहीला एकच विषय द्यावा. बारामतीकडच्या आमच्या सांगवीत बसून मी म्हणेन, विषय ‘उसाची बैलगाडी’. एकजण बैलांची दमलेली मान काढेल, दुसरा मोळ्यांवर झोपलेलं पोर, तिसरा गाडीमागून ऊस ओढणारी शाळकरी टोळी. विषय एकच असल्यानं फरक दिसतो तो नजरेतला. सुट्या चित्रांच्या वहीत हे कळत नाही.

वही घेताना कागदावर पैसे खर्च करा. स्वस्त कागदात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन असतं, त्यानं तो पिवळा आणि ठिसूळ होतो. आम्लमुक्त, जाडसर कागद घ्या. साध्या स्केचपेनचा रंग उजेडानं उडतो. पिगमेंटची किंवा कार्बनची काळी शाई टिकते. पानामागे एक कोरा कागद ठेवला की शाई पुढच्या पानावर उतरत नाही. वही उन्हापासून दूर ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून उघडून पाहा, कारण ओल आणि कसर दोन्ही कागद खातात.

मागण्याचीही रीत असते. चित्रकार जेवत असेल, घाईत असेल तर वही पुढे करू नये. नाही म्हटलं तर हसून परतावं. मोठं, रंगीत चित्र हवं असेल तर मानधन विचारावं, कारण ते त्यांचं काम आहे. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: भेट म्हणून मिळालेल्या चित्राचा कागद तुमचा झाला तरी त्याचे हक्क चित्रकाराचेच राहतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ते त्याच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतात. छापायचं, विकायच्या वस्तूवर वापरायचं, तर परवानगी हवी.

सांगवी, माळेगाव, बारामतीकडे चित्रं काढणारी पोरं पुष्कळ आहेत. पालकांनी या दिवाळीत त्यांना एक चांगली वही घेऊन द्यावी, आणि पहिलं पान शाळेतल्या चित्रकलेच्या सरांकडून किंवा बाईंकडून काढून घ्यायला सांगावं.