तुला काय एवढं काम असतं?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या भिशीचा नंबर मला लागला. आम्ही २० जणी, महिन्याला २,००० रुपये. म्हणजे ४० हजार रुपये एकदम हातात! मैत्रिणींनो, भिशीचे पैसे कुठे जातात हे तुम्हाला सांगायला नको. एकदा फ्रीज आला, एकदा लेकीच्या क्लासची फी गेली, एकदा नणंदेच्या घरचं कार्य निघालं. या वेळी मात्र मी आधीच जाहीर करून टाकलं, "हे पैसे माझ्या कामासाठी. मला कॉम्प्युटर घ्यायचाय."

चहाचा कप खाली ठेवत हे म्हणाले, "कॉम्प्युटर कशाला? टॅब घे की. स्वस्त, हलका, कुठंही बसून वापरता येतो. तुला काय एवढं काम असतं?"

अकरावीतल्या लेकीनं लगेच री ओढली, "हो आई, टॅबच घे. मला लेक्चर्स मोठ्या स्क्रीनवर बघता येतील." धाकट्याच्या डोळ्यांत गेम नाचायला लागले. घरात निवडणूक घेतली असती, तर टॅब बिनविरोध निवडून आला असता.

यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण ते वाक्य दिवसभर कानात घुमत राहिलं. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना एकच. खरंच, मला काम तरी काय असतं?

गेली सहा वर्षं मी आमच्या बचत गटाची सचिव आहे. बारा जणींचा गट. बचत गटाची पंचसूत्री तुमच्यापैकी अनेकींना तोंडपाठ असेल: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि पाचवं सूत्र म्हणजे अद्ययावत हिशेब. हे पाचवं सूत्र माझ्या गळ्यात. रजिस्टर मी हातानं लिहिते, पण बँकेला द्यायचे कागद टाइप करायला सायबर कॅफेत जावं लागायचं. पानाला २० रुपये, वर रांगेत तासभर उभं राहायचं.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या आधी आमच्यातल्या एकीला मिरची कांडपाचं मशीन घ्यायचं होतं. कर्जाची फाईल तयार झाली. टाइप करणाऱ्या मुलानं घाईघाईत १४,५०० चे १,४५,००० केले आणि मी घाईघाईत सही केली. फाईल परत आली. दुरुस्ती, पुन्हा सह्या, पुन्हा फेऱ्या. मशीनला कर्ज मिळेपर्यंत मे महिना उलटून गेला होता. कांडपाचा धंदा मार्च ते मेचा, पावसाळ्यात कोण मिरच्या घेऊन येतंय? ती बिचारी मला एका शब्दानं बोलली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. एकदा त्या कॅफेच्या कॉम्प्युटरवर आमच्या गटाच्या नावाचं फोल्डर दिसलं. आत बाराही जणींची आधार कार्डं, पासबुकं, फोटो. येणारा-जाणारा कुणीही उघडू शकेल असं. माझ्या पोटात गोळाच आला.

तर असं होतं माझं 'काम'. पण भांडून काय उपयोग? मी एक वही घेतली आणि आठ दिवस घरात स्क्रीनवर जे जे काम निघालं, ते लिहून काढलं. प्रत्येकापुढे एकच खूण: 'बघायचं' की 'लिहायचं'.

आठवड्यानंतर वही उघडली आणि मलाच गंमत वाटली. रेसिपी, बातम्या, लेकीची लेक्चर्स, सासूबाईंचं कीर्तन, पुण्याच्या भावाशी व्हिडिओ कॉल, ही सगळी बघायची कामं. बैठकीचा ठराव, महिन्याचा हिशेब, बँकेचा अर्ज, लेकीचा स्कॉलरशिपचा फॉर्म, धाकट्याचा प्रोजेक्ट, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींची यादी आणि बिलं, ही लिहायची. बघायची कामं बहुतेक घरातल्या इतरांची. लिहायची कामं जवळजवळ सगळी माझी!

तरीही टॅबवर अन्याय नको म्हणून मी तो वापरून बघायचं ठरवलं. कुर्डुवाडीच्या मावसबहिणीनं तिचा टॅब चार दिवसांसाठी दिला.

खरं सांगते, वस्तू मोठी गुणाची आहे. वजन जेमतेम अर्धा किलो. चार्जरही फोनचाच चालला. बार्शीत संध्याकाळी दोन तास लाइट गेली, तरी पठ्ठ्या चालूच. तिचा टॅब सिमकार्डाचा, त्यामुळे फोनवरून नेट जोडायची कटकट नाही. लेकीनं त्यावर पेननं गणितं सोडवली. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. दोन बोटांनी अक्षर मोठं करून त्यांनी कित्येक दिवसांनी स्वतः पोथी वाचली. "अगं, अक्षरं कशी मोत्यासारखी दिसतायत!" असं म्हणाल्या, तेव्हा माझं मन डळमळलं.

चौथ्या दिवशी मात्र मी त्यावर गटाचा हिशेब मांडायला बसले. बारा जणींची नावं आडवी, पुढे बचत, कर्ज, व्याज, दंड. टाइप करायला गेलं की कीबोर्ड निम्मा पडदा झाकतो. वरची बेरीज दिसेना. बोट एका रकान्यावर ठेवावं, तर शेजारचा उघडायचा. बँकेच्या पत्रातला मजकूर उचलून ठरावात घ्यायचा, तर दोन खिडक्या शेजारी ठेवून काम करणं जमेना. जे रजिस्टर हातानं तासाभरात होतं, त्याला तीन तास लागले आणि मान आखडली ती वेगळीच. बहिणीला फोन केला, तर म्हणाली, "वेगळा कीबोर्ड मिळतो गं." मिळतो की! पण चांगला टॅब, वर कीबोर्ड, वर त्याचं कव्हर असा हिशेब करत गेले, तर आकडा साध्या लॅपटॉपच्या जवळ जाऊन पोचला.

म्हणजे टॅब वाईट का? मुळीच नाही. आमच्या शेजारची बुटीकवाली गिऱ्हाइकांना ब्लाऊजचे गळे टॅबवरच दाखवते, तिला लॅपटॉप नेऊन काय करायचाय? वाचायचं, ऐकायचं, दाखवायचं, पेननं चित्र काढायचं असेल, घरात वयस्कर माणूस असेल, तर टॅबसारखी सोय नाही. फक्त घेताना तो सिमचा आहे की नुसता वायफायचा, हे विचारून घ्या. पण ज्या बाईला रोज चार ओळी लिहायच्या आहेत, आकडे मांडायचे आहेत, फॉर्म भरून कागद जोडायचे आहेत, प्रिंट काढायची आहे, तिनं लॅपटॉपच घ्यावा.

शेवटी एका रविवारी आम्ही दोघं एसटीनं सोलापूरला गेलो. दुकानदारानं सवयीप्रमाणे यांच्याकडे बघून विचारलं, "सर, मॅडमना कशासाठी पाहिजे?" हे दोन क्षण थांबले आणि म्हणाले, "त्यांनाच विचारा. त्यांनी वही आणलीय." मी पर्समधून वही काढली. त्या क्षणी मला यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधी वाटला नसेल!

त्या खरेदीत मी जे शिकले, ते सांगते. रोजच्या घरगुती कामाला फार महागडा लॅपटॉप लागत नाही. रॅम ८ जीबी असावी, ४ जीबीवर मशीन कासवासारखं चालतं. साठवणुकीसाठी एसएसडी आहे ना, हे विचारायचं. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कपेक्षा ती कितीतरी झटपट. सेकंडहँड स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि जुन्या बऱ्याच मशीनवर विंडोज ११ चढत नाही. ते चालत असेल, तरच विचार करा. वर्ड-एक्सेल किमतीत धरलंय, की वर्षानंतर पैसे मागणार, तेही आधीच विचारा. पैसे घालायचे नसतील, तर लिब्रे ऑफिस फुकट मिळतं आणि आपला हिशेब त्यात छान मावतो. पक्कं बिल घ्या, आणि दुरुस्ती आपल्या जिल्ह्यात होते ना, याची खात्री करा.

मराठीची भीती तर अजिबात नको. विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा आणि तिचा फोनेटिक कीबोर्ड जोडला, की 'घर' लिहायला इंग्रजी अक्षरांत घर टाइप करायचं, अक्षरं मराठीत उमटतात. हे युनिकोड असल्यामुळे आपण लिहिलेला कागद दुसऱ्याच्या मशीनवरही तसाच दिसतो. पूर्वी फॉन्ट नसला की सगळी किडामुंगी दिसायची, ती कटकट गेली.

लॅपटॉप ३६,५०० ला पडला. माऊस आणि बॅग धरून थोडे पैसे उरलेसुद्धा.

घरी आल्यावर पूजा झाली, पेढा झाला. पण खरी गंमत पुढेच. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मुलांच्या हातात, तिसऱ्या दिवशी दिवाणावर उशांमध्ये. मी रात्री आवरून येईपर्यंत बॅटरी संपलेली. चार दिवस बघून सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "माझं शिवणयंत्र आलं, तेव्हा तेही सगळ्यांसाठीच आलं होतं. पोरं चाकाशी खेळायची, बाबा त्यावर टोपी ठेवायचे. मग मी ते उचलून खिडकीशी मांडलं, खणाला कुलूप लावलं आणि दुपारी दोन ते चार कुणाला फिरकू दिलं नाही. तेव्हा कुठं ते माझं झालं. वस्तू घेतलीस ना, आता जागा घे."

पटलंच मला. टीव्हीखालचं टेबल खिडकीशी हलवलं. लॅपटॉपवर प्रत्येकाचं वेगळं खातं उघडलं. माझ्या खात्याला पासवर्ड, गटाच्या बायकांचे सगळे कागद त्यातच. कॅफेत जाऊन ते फोल्डर माझ्या डोळ्यांदेखत पुसायला लावलं. दुपारी दोन ते चार माझे. लेकीला लेक्चरसाठी संध्याकाळ, आणि सासूबाईंना पोथीसाठी जेवण झाल्यावर तासभर. टॅबसारखा मांडीवर नाही घेता येत, पण टेबलाशी बसून त्या अक्षर मोठं करून वाचतात.

नंतर गटाची जी कर्जाची फाईल गेली, ती पहिल्या फेरीत मंजूर झाली. एकूण एक आकडा मी दोनदा तपासला होता. कांडपवालीनं मार्चच्या सुरुवातीलाच मशीन चालू केलं आणि पहिली अर्धा किलो चटणी माझ्या घरी पाठवली. तिखटजाळ होती, पण डोळ्यांतलं पाणी काही तेवढ्यानं आलेलं नव्हतं.

परवा दुपारी हे म्हणाले, "अगं, ऑफिसचा एक अर्ज टाइप करून देतेस का?"

घड्याळात अडीच वाजले होते. म्हटलं, "चारनंतर बघू. आत्ता मला काम आहे."

तेव्हा मैत्रिणींनो, दुकानात जायच्या आधी आठ दिवस एक वही करा. टॅब घ्यायचा की लॅपटॉप, ते तुमची वहीच सांगेल. आणि आपल्याला काय एवढं काम असतं, तेही!