व्हेसुव्हियसचे दफ्तरदार

जागृत ज्वालामुखीच्या उतरणीवर कायमचे बिऱ्हाड करावे आणि रात्रंदिवस त्याच्या नाडीवर बोट ठेवून बसावे, ही कल्पना ज्याच्या अंमलात प्रथम मूर्त झाली, तो दोन सिसिलींचा राजा दुसरा फर्डिनांड विद्येचा आश्रयदाता म्हणून इतिहासात मुळीच प्रसिद्ध नाही. तरीही 1841 साली त्याच्याच हुकमाने व्हेसुव्हियसवर वेधशाळा स्थापन झाली आणि अशा संस्थांतील आद्यत्वाचा मान नेपल्सकडे गेला. उष्णतेच्या किरणांवरील संशोधनामुळे युरोपभर ख्यातनाम झालेले माचेदोनियो मेल्लोनी हे तिचे पहिले संचालक. परंतु 1848 च्या राजकीय धामधुमीत उदारमतवादी म्हणून त्यांच्यावर दरबाराची वक्रदृष्टी वळली, ते बडतर्फ झाले, आणि 1854 मध्ये पटकीने त्यांचा अंत झाला.

त्यांच्यामागून आले लुईजी पाल्मिएरी, आणि खरे सांगायचे तर हा सारा लेख त्यांच्याविषयी लिहिता यावे म्हणूनच मी हाती घेतला आहे. 1856 साली त्यांनी रचलेला विद्युच्चुंबकीय भूकंपलेखक एर्कोलानोच्या वरच्या अंगास, सुमारे 600 मीटर उंचीवर असलेल्या जुन्या वेधशाळेत आज मांडून ठेवलेला आहे, आणि तो पाहण्यासाठीच मी ती चढण चढलो होतो. इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकड्या, पाऱ्याने भरलेल्या काचेच्या नळ्या निरनिराळ्या दिशांना तोंडे करून बसविल्या आहेत. जमीन थरथरली की पारा हलावा, त्याचा तारेला स्पर्श होऊन विद्युत्प्रवाह सुरू व्हावा, त्यासरशी घड्याळ थांबून धक्क्याची वेळ कायम व्हावी आणि कागदाची पट्टी सरकू लागावी, अशी त्याची योजना. माणसाच्या पायांना जो कंप कळतही नाही, तो पर्वताच्या दफ्तरात नोंदविला जाऊ लागला! याच बनावटीचे यंत्र पुढे जपानने मागविले आणि तेथील सरकारी भूकंपनोंदीचा आरंभ त्याच्यावर झाला. सह्याद्रीच्या थिजलेल्या लाव्हावर लहानाचा मोठा झालेला मी, वाहत्या लाव्हाची खबर देणाऱ्या त्या नळ्यांपुढून लवकर हललो नाही, याचे नवल वाटू नये.

1872 च्या एप्रिलमध्ये या संचालकाची कसोटी लागली. 26 तारखेच्या पहाटे, उद्रेक जवळून पाहण्याच्या हौसेने आत्रिओ देल काव्हाल्लो या दरीत जमलेल्या मंडळींवर, ज्यांत वैद्यकीचे तरुण विद्यार्थीही होते, पर्वताची कूस फुटून बाहेर पडलेल्या लाव्हाने झडप घातली. वेधशाळेच्या टेकडीला दोहो बाजूंनी रसाने वेढले असतानाही पाल्मिएरी जागचे हलले नाहीत व निरीक्षणे टिपीत राहिले. त्यांनी लिहिलेला या उद्रेकाचा वृत्तांत रॉबर्ट मॅलेट या भूकंपशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी इंग्रजीत आणला. मला त्यांच्या धैर्यापेक्षाही त्यांच्या नोंदवह्यांचा हेवा वाटतो. शूर माणसे प्रत्येक उद्रेकात निपजतात, परंतु शांततेच्या काळात, काहीही घडत नसताना, रोज तितक्याच निष्ठेने आकडे मांडणारा मनुष्य दुर्मिळ. 1896 साली मृत्यूने गाठेपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, ते या पदावर होते.

पुढील संचालकांपैकी मात्तेउच्ची 1906 च्या उद्रेकात राखेच्या वर्षावाखाली जागेवर टिकून राहिले. भूकंपाच्या तीव्रतेच्या मापनश्रेणीमुळे सर्वांना नावाने परिचित असलेले मेर्काल्ली 1911 मध्ये आले आणि तीनच वर्षांनी, ज्वालामुखीने नव्हे, तर घराला लागलेल्या आगीने मरण पावले. 1944 च्या मार्चमध्ये वेधशाळेची बहुतेक इमारत दोस्त सैन्याच्या ताब्यात असताना जुझेप्पे इंबो यांनी भूकंपलेखकाच्या साह्याने उद्रेकाचा माग ठेवला. त्या वेळी सान सेबास्तियानो हे गाव लाव्हाखाली गेले आणि पायथ्याच्या विमानतळावरील सुमारे 80 अमेरिकन विमाने राखेने निकामी झाली. व्हेसुव्हियस तेव्हापासून निद्रिस्त आहे.

आजची पद्धत थोडक्यात सांगतो. वेधशाळेच्या नेपल्स शहरातील कक्षात चोवीस तास पहारा असतो; भूकंपमापक, जमिनीचा फुगवटा मोजणारी जीपीएस केंद्रे, कलमापक, उपग्रहांचे रडार, वायूंचे पृथक्करण आणि उष्णता टिपणारे कॅमेरे यांची माहिती तेथे येते. धोक्याच्या पायऱ्या हिरवी, पिवळी, नारिंगी व लाल अशा आहेत, परंतु त्या बदलण्याचा अधिकार सरकारचा. संचालकाने फक्त मत द्यावयाचे. गावे रिकामी करण्याचा हुकूम त्याच्या सहीने निघत नाही, आणि तरीही हुकूम चुकला तर लोक बोट दाखवितात ते त्याच्याकडेच. हा अन्याय आहे खरा, पण व्यवस्था म्हणून मला ती मान्य आहे; आकडे वाचणारा आणि हुकूम देणारा एकच झाला, तर आकड्यांवर हुकमाची सावली पडल्यावाचून राहणार नाही.

संचालकाच्या या अवघड स्थितीचा प्रत्यय शेजारच्या कांपी फ्लेग्रेई या ज्वालामुखी प्रदेशात येतो. 1982 ते 1984 या काळात पोत्सुओली बंदराची जमीन सुमारे 1.8 मीटर वर आली, हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली, आणि उद्रेक मात्र झाला नाही. जुझेप्पे लुओंगो हे 1983 पासून संचालक होते; न झालेल्या उद्रेकाचा जाब देणे झालेल्या उद्रेकाच्या हकिकतीपेक्षा किती अवघड, हे त्यांच्या पिढीने अनुभवले. 2005 पासून तीच जमीन पुन्हा चढते आहे, 2012 च्या डिसेंबरपासून पिवळी पायरी कायम आहे, आणि 20 मे 2024 रोजी 4.4 प्रतीचा धक्का बसल्यावर अनेक कुटुंबांना घराबाहेर पडावे लागले. वेधशाळा या प्रदेशाविषयी दर आठवड्यास अहवाल प्रसिद्ध करते, आणि पोत्सुओलीच्या रहिवाशांना त्यातील एकच ओळ प्रथम वाचावयाची असते : जमीन या महिन्यात किती मिलिमीटर चढली.