हँडहेल्ड गेमिंग पीसी: दुकानात ठेवायचा की ऑर्डरवर आणायचा?



मागच्या आठवड्यात सिडकोतला एक विद्यार्थी भेटायला आला. मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान टाकतोय. भांडवल दीड लाख, त्यातले निम्मे आईच्या भिशीचे. म्हणाला, "सर, एक हँडहेल्ड गेमिंग पीसी ठेवतो. कॉलेजची पोरं तुटून पडतील."

त्याचं अर्धं खरं आहे. पोरं तुटून पडतील, पण बघायला. घ्यायला किती येतील, तो वेगळा हिशोब.

आधी वस्तू समजून घेऊ. हा हातात धरायचा पूर्ण कॉम्प्युटर. मध्ये स्क्रीन, दोन्ही बाजूंना गेमची बटणं. २०२२ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकमुळे हा प्रकार गाजला. जुलै २०२३ मध्ये असुसने आरओजी ॲलाय भारतात आणला. ७ इंची स्क्रीन, विंडोज ११, वजन साधारण ६०० ग्रॅम, तेव्हाची किंमत ६९,९९० रुपये. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस जोडला की त्यावर टॅलीसुद्धा चालेल. आकर्षण आहेच!

पण त्याच पैशात गेमिंग लॅपटॉप येतो. शिवाय जड गेम लावला की पहिल्या ॲलायची बॅटरी दीड-दोन तासांत उतरते. म्हणून हा पीसी बहुतेक वेळा तोच घेतो, ज्याच्या घरी आधीच एक कॉम्प्युटर आहे. म्हणजे हौसेचा ग्राहक. असे ग्राहक आपल्या नाशकात आहेत, पण रोज दारात येत नाहीत. आले तरी आधी मोबाइलवर ऑनलाइन भाव बघतात.

आता गणित. समजा ७०,००० चा पीस आणला आणि मार्जिन ४ टक्के, म्हणजे २,८०० रुपये. पैसे महिना दीड टक्क्याने उचललेत, तर व्याज महिन्याला १,०५०. तीन महिने पीस पडून राहिला की व्याज ३,१५०. मार्जिन संपलं, वर खिशातून ३५० गेले. त्यात नवीन मॉडेल आलं की जुन्याचा भाव पडतो, तो तोटा वेगळाच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या दुकानात असाच एक पीस चार महिने काचेत होता. रोज कोणीतरी हातात घ्यायचं, फोटो काढायचं, "भारी आहे" म्हणायचं. शेवटी ९,००० तोटा सोसून विकला. पण त्या चार महिन्यांत बघायला आलेल्या पोरांनी मेमरी कार्ड, चार्जर, कंट्रोलर नेले. माझं खरं मार्जिन तिथे होतं.

"मग भाड्याने देतो की, तासावर," तो म्हणाला. तेही तपासा. स्टीमवर घेतलेले गेम वैयक्तिक वापरासाठी असतात. पार्लरसाठी व्हॉल्व्हचा वेगळा पीसी कॅफे प्रोग्राम आहे. आपल्या खात्यावर गेम घेऊन तासाचे पैसे लावणं नियमात बसत नाही.

मी त्याला सांगितलं ते असं. पीस ठेवू नको, ऑर्डर घे. निम्मा ॲडव्हान्स हातात आल्यावरच माल मागव. भांडवल रोज फिरणाऱ्या ॲक्सेसरीजमध्ये घाल. आणि आईचे पैसे काचेत अडकवू नको.

मित्रांनो, माल भरताना "लोकांना आवडेल का?" एवढंच विचारू नका. "किती दिवसांत विकला जाईल?" हेही विचारा. गर्दी म्हणजे गल्ला नव्हे. वहीत हिशोब मांडा, मगच ऑर्डर द्या.