द्वादशीचे पारणे आणि सुंठ

पंढरीची एकादशी आणि बार्शीची द्वादशी ही जोड भाविकांच्या मनात पक्की आहे. विठुरायाचे दर्शन आटोपून अनेक वारकरी द्वादशीस बार्शीच्या श्रीभगवंत मंदिरी येतात. कारण राजा अंबरीषाच्या व्रताचे स्थान ते हेच, असे क्षेत्रपरंपरा सांगते. भागवताच्या नवव्या स्कंधात ती कथा आहे. द्वादशी सरत आलेली, अतिथी दुर्वास मुनी स्नानाहून परतलेले नाहीत. अशा पेचात राजाने केवळ जलप्राशन करून पारणे साधले.

आपले पारणे मात्र पुरणपोळीचे! त्याआधी उपवासाच्या नावाखाली साबूदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाणे झालेलेच असतात. साबूदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. मधुमेही माणसाच्या रक्तातील साखर तो झपाट्याने वाढवितो. स्थूलता आणि मधुमेह घरोघरी शिरले असताना याचा विचार व्हावयास हवा.

अशा वेळी सुंठीची आठवण होते. रामजन्माला नि कृष्णजन्माला सुंठवडा वाटण्याची आपली रीतच आहे. सुंठीस आयुर्वेदात ‘विश्वभेषज’ असे नाव असून, जेवणाच्या आरंभी सैंधव लावलेले आले खावे, असे भावप्रकाशात सांगितले आहे. आले वाळताना त्यातील जिंजेरॉल या तिखट द्रव्याचा काही अंश शोगाओलमध्ये पालटतो. सुंठीचा झणका वेगळा लागतो तो यामुळे.

२०१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या १० पुरुषांना न्याहरीबरोबर २ ग्रॅम सुंठपूड गरम पाण्यातून दिली. अन्न पचविताना होणारा शरीराचा उष्मांकव्यय सुमारे ४३ कॅलरींनी वाढला आणि भूक कमी जाणवली. गंमत अशी, की आपले वैद्य सुंठ देतात ती भूक लागावी म्हणून! रक्तशर्करेत मात्र त्या प्रयोगात फरक पडला नाही. पुढील काही चाचण्यांचा एकत्रित विचार करता वजन व उपाशीपोटीची साखर किंचित उतरल्याचे दिसते. किंचितच, ४३ कॅलरी म्हणजे लहान चमचाभर तेल. सुंठ घेतली म्हणून दुसरी पुरणपोळी पचेल, हा हिशेब चुकीचा.

द्वादशीस सकाळी सुंठीचे कोमट पाणी, मग मुगाचे वरण, थोडा भात आणि भाजी, असे पारणे पोटास सोसते. सुंठवड्यात साखर व खोबरे असते, म्हणून मधुमेहींनी तो चिमूटभर प्रसादापुरताच घ्यावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी सुंठ नेमाने घेण्यापूर्वी, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी एकादशी धरण्यापूर्वीच, आपल्या डॉक्टरांस विचारावे.