दिवा हिरवा, वाट बंद

दोन राउटरांच्या मधे स्विच असला की पलीकडची फायबर तुटली तरी अलीकडच्या पोर्टचा दिवा हिरवाच राहतो. मग सगळी भिस्त राउटिंग प्रोटोकॉलच्या ‘हॅलो’वर. ओएसपीएफमध्ये तो इथरनेटवर सहसा दर 10 सेकंदांनी जातो. 40 सेकंद काहीच आलं नाही, तर शेजारी गेला असं धरतात. तोवर फोनवरचं बोलणं केव्हाच तुटलेलं असतं.

यावर तोड म्हणजे बीएफडी, 2010 सालच्या आरएफसी 5880 मधला. काम एकच: छोटी यूडीपी पॅकेट सतत पाठवत राहायची, शेजारच्या राउटरसाठी पोर्ट 3784 वर. दर 50 मिलिसेकंदांना एक, आणि सलग 3 चुकली की बोंब; म्हणजे 150 मिलिसेकंदांत निकाल. दोन्ही टोकांचे आकडे वेगळे असतील तर संथ टोकाचं चालतं. इंटरफेसवर आकडे भरून भागत नाही. ओएसपीएफ किंवा बीजीपीलाही बीएफडीचं ऐकायला सांगावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

50 चा मोह मात्र आवरावा. ही पॅकेट राउटरचा मुख्य प्रोसेसरच हाताळत असेल, तर त्याच्यावर ताण आला की धडधाकट लिंकही मेली म्हणून जाहीर होते. तिथे 300 गुणिले 3 बरं. तरीही निकाल सेकंदाच्या आतच लागतो.